मस्कतला दिसणारा फळा

आमच्या शाळेत इंटरनेट खिडकीतून आलं. शाळेत टेलिफोन एकच होता आणि तो मोठ्या मॅडमच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या टेबलावर. त्यांच्या खोलीतून एक वायर खिडकीबाहेर काढली, व्हरांड्याच्या कडेकडेनं नेली आणि संगणकाच्या खोलीत दुसऱ्या खिडकीतून आत घेतली. मी इंटरनेटवर बसले की शाळेचा फोन बंद. बाहेरून फोन करणाऱ्या पालकांना सारखा एंगेज टोन मिळायचा आणि शेवटी वैतागून ते स्वतःच शाळेत यायचे. पालक-शिक्षक संपर्क इतका कधीच वाढला नव्हता, असं मी मॅडमना सांगून पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बंगळूरला आले, यशवंतपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, रिक्षावाल्याशी तिन्हींची भेळ. निवृत्त शिक्षिकेला कोणी लिहायला सांगितलं की ती पहिल्या पगारापासून सुरू करते आणि निरोपाच्या शालीपर्यंत पोचल्याशिवाय थांबत नाही. मी तसं करणार नाही. मला एकाच वर्षाची गोष्ट सांगायची आहे, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. त्या वर्षी मी शाळेची वेबसाइट बांधली आणि आमच्या गणिताच्या सरांनी ती पुसली.

संगणक माझ्याच गळ्यात का पडला? तर मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मल्लेश्वरमला जाऊन छोटासा कोर्स केला होता. कोर्समध्ये काय शिकले ते विचारू नका, पण सर्टिफिकेट मिळालं होतं. शाळेत एकदा का तुमचं सर्टिफिकेट कोणाला दिसलं की ते काम जन्मभर तुमचं. मला शिवणकामाचंही सर्टिफिकेट होतं. ते मात्र मी शेवटपर्यंत कोणाला कळू दिलं नाही.

आता वेबसाइट बांधणं म्हणजे काय ते सांगते, कारण आजच्या मुलांना हे सगळं आपोआप होतं असं वाटतं. एक परदेशी कंपनी इंटरनेटवर फुकट जागा द्यायची. जागेबरोबर तयार सांगाडाही द्यायची. इथे शीर्षक लिहा, इथे मजकूर, इथे चित्र, मागचा रंग निवडा, बटण दाबा, की झालं. त्या बदल्यात ते पानाच्या डोक्यावर स्वतःची जाहिरात लावायचे. झाडं आपलं अन्न कशी तयार करतात हा माझा धडा वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिरातीखाली होता. पानाच्या तळाला एक आकडा असायचा, कोणी पान उघडलं की तो एकानं वाढायचा. आणि एक पाहुण्यांची वही असायची. तिला गेस्टबुक म्हणत. येणाऱ्यानं तिच्यात नाव टाकून दोन ओळी लिहायच्या. पुढे ब्लॉग नावाचं जे प्रकरण आलं त्याची ही थोरली बहीण म्हणा. ती कंपनी नंतर बंद पडली आणि आमची सगळी पानं तिच्याबरोबर गेली. एकाचीही प्रत मी काढून ठेवली नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

प्रती काढल्या नव्हत्या असं मात्र नाही, फक्त त्या माझ्याकडे राहिल्या नाहीत. शाळेबाहेर जाणारा कोणताही मजकूर मोठ्या मॅडमच्या सहीशिवाय जात नसे, मग वेबसाइट कशी जाईल? मी प्रत्येक पान छापून त्यांच्यापुढे ठेवायची आणि त्या लाल पेन घेऊन ते तपासायच्या. आमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये चालायचं, ते मी इथे मराठीत देते.

"विजया मिस, या शब्दाखाली निळी रेघ का मारलीत? काय चुकलंय?"

"चुकलं नाही मॅडम. त्याच्यावर दाबलं की दुसरं पान उघडतं."

"मग ते दुसरं पान कुठे आहे? तेही जोडा. आणि हे दाबल्यावर ते येतं असं खाली लिहून द्या."

सांगाड्यात एका कोपऱ्यात फावड्यानं खणणारा एक छोटा मजूर होता. पानाचं काम चालू आहे, असा त्याचा अर्थ. मॅडमनी चष्मा वर करून त्याला न्याहाळलं. "हा कोण? आपल्या शाळेत काय खणतोय?" मी अर्थ सांगितला. "काम चालू आहे हे पालकांना कशाला सांगायचं? झाल्यावर दाखवू," असं म्हणून त्यांनी मजुरावर लाल फुली मारली. हिंदीच्या मिसनी तर आपल्या पानावर चांदण्या पडायची सोय करून घेतली होती. माउस हलवला की मागे चांदण्या सांडायच्या, आणि मुलं धडा सोडून माउस हलवत बसायची. छापील प्रतीवर चांदण्या दिसत नसल्यामुळे त्या मॅडमच्या हातून सुटल्या.

हा सगळा खेळ खेळ म्हणूनच राहिला असता. पण पहिली सहामाही संपता संपता शुभाची आई शाळेत आली.

शुभा आमच्या दहावीच्या वर्गातली. तिच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरकर मराठी, पणजोबांपासून चिकपेटेत कापडाचा धंदा. वडील मात्र यशवंतपूरच्या एका कारखान्यात होते, आणि मशिनरी उभी करायला कारखान्यानं त्यांना काही महिने मस्कतला पाठवायचं ठरवलं होतं.

"अक्का, यांना दोन वेळा इन्सुलिन लागतं," आई म्हणाली. "कुणी बघणारं नसलं तर हे घेतच नाहीत. मला जायलाच पाहिजे. मग पोरीला मागं कुणाकडं ठेवू? घरात माणूस नाही. हे म्हणतात, एक वर्ष गेलं तर गेलं. तुम्ही स्वल्प काहीतरी करा की."

शुभा बाजूला उभी होती. बोलकी मुलगी, पण त्या दिवशी नुसती दप्तराचा पट्टा पिळत होती. आई उठल्यावर ती मागे रेंगाळली आणि एवढंच म्हणाली, "मिस, माझं वर्ष नको ना जाऊ दे. सगळ्या मैत्रिणी पुढे जातील."

मोठ्या मॅडमबद्दल मी वर चेष्टेनं लिहिलं, पण अशा वेळी त्या पदर खोचून उभ्या राहायच्या. वरच्या कार्यालयात चार खेपा घालून त्यांनी शुभाला लांबच्या रजेची परवानगी मिळवली. अट मात्र कडक होती. बोर्डाच्या आधी शाळेची पूर्वपरीक्षा असते, तिला शुभानं परत येऊन बसायचं आणि प्रत्येक विषयात पास व्हायचं. एकात जरी नापास झाली तरी बोर्डाला नाव जाणार नाही आणि वर्ष फुकट. मस्कतला आमचा अभ्यासक्रम शिकवणारं तिला कोण भेटणार? मी म्हटलं, वेबसाइट आहे ना. वडिलांच्या तिथल्या ऑफिसात इंटरनेट होतं. तिकडे सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी ऑफिस रिकामं असताना वडील तिला घेऊन जाणार आणि ती आठवड्याचे धडे वाचून उतरवून घेणार, असं ठरलं. सगळे शिक्षक तयार झाले. कारण नाही म्हणायला मॅडमच्या खोलीत जावं लागलं असतं.

बसवराज सर तेवढे राहिले.

बसवराज सर आमचे गणिताचे. उंच, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. त्यांचा फळा बघायला मी कधी कधी मुद्दाम त्यांच्या वर्गावरून जायची. पट्टी न लावता सरळ रेघ, खांद्यापासून हात फिरवून काढलेलं वर्तुळ, प्रमेयाला एक रंग आणि सिद्धतेला दुसरा. तास संपला की सर स्वतः तो फळा पुसायचे. आधी डस्टरनं, मग ओल्या फडक्यानं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मुलांना हात लावू द्यायचे नाहीत. पुढच्या तासाला जाणाऱ्या शिक्षकाला त्या फळ्यावर लिहायला संकोच वाटायचा.

"सर, एवढं सुंदर काढता आणि पुसता कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"फळ्यावर राहिलं की मुलं म्हणतात, नंतर बघू. पुसलं जाणार हे माहीत असलं की आत्ता बघतात."

वेबसाइटला सर लगेच तयार झाले नाहीत. गणित टाइप करायचं कसं हाच मोठा प्रश्न होता, कारण आमच्या त्या सांगाड्यात ना अपूर्णांक बसायचा ना वर्गमूळ. मी सरांच्या हातात माउस देऊन चित्र काढायच्या प्रोग्रामवर एक वर्तुळ काढायला लावलं. जे उमटलं ते बघून सरांनी माउस माझ्याकडे सरकवला. "हे माझ्या नावावर कुठे जाऊ देऊ नका," म्हणाले. शेवटी असं ठरलं की सर पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेननं धडा लिहिणार, मार्केटजवळचे डीटीपीवाले प्रकाशअण्णा तो स्कॅन करून फ्लॉपीवर घालून देणार आणि सर तो आपल्या पानावर चढवणार. पान चढवायचं कसं आणि चुकलं तर काढायचं कसं, या दोन गोष्टी मी त्यांना शिकवल्या. त्यापलीकडे काही शिकायला त्यांनी नकार दिला.

शुभा गेली. सर दर आठवड्याला न चुकता फ्लॉपी घेऊन यायचे, बूट बाहेर काढायचे, संगणकासमोर बसायचे आणि काम करून जायचे. विचारलं तर म्हणायचे, "मुलगी नियमित आहे, मिस. काळजी नको." मला बरं वाटायचं. माझ्या विज्ञानाच्या पानाखाली गेस्टबुकात शुभा दर शुक्रवारी दोन ओळी लिहीत होती. धडा समजला, आकृती नीट दिसली नाही, मस्कतला पाणी टँकरनं येतं, असं काहीबाही. सगळं छान चाललं होतं.

मग एका शुक्रवारी तिनं लिहिलं: "मिस, बसवराज सर गणित कधी सुरू करणार? त्यांचं पान दर शुक्रवारी रिकामं असतं. मी मध्येच निघून आले म्हणून सर माझ्यावर रागावलेत का?"

मी ते दोनदा वाचलं. मग सरांचं पान उघडलं. वरती जाहिरात, खाली शाळेचं नाव, तळाला आकडा. मध्ये काहीही नाही. सरांनी फळा पुसला होता.

सर स्टाफरूममध्ये डबा खात होते. हाताला धरायचंच काय ते बाकी ठेवून मी त्यांना संगणकापुढे आणलं.

"सर, तुमचे धडे कुठे गेले?"

"पुसले," सर शांतपणे म्हणाले. "संपला तास की पुसतो."

"शुभानं बघायच्या आधीच?"

"छे छे. तिनं बघितल्यावर." आणि त्यांनी पानाच्या तळाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मी धडा चढवतो. मग पान उघडून बघतो. आकडा एकानं वाढलेला असतो. म्हणजे मुलगी आली. थोड्या वेळानं परत उघडतो, परत वाढलेला असतो. हुशार आहे, उजळणीला दुसऱ्यांदा येते. मग पुसतो."

मला हसू आवरेना आणि रडू पण येत होतं. सरांना वाटत होतं, धडा चढवला की तो रेडिओच्या बातम्यांसारखा त्या क्षणाला सगळीकडे जातो, आणि तिकडे शुभा कान देऊन बसलेली आहे. मी त्यांना माउस धरायला लावला. पान बंद करायला सांगितलं, उघडायला सांगितलं. आकडा एकानं वाढला. पुन्हा बंद, पुन्हा उघड. आणखी एकानं वाढला.

"आता कोण आलं, सर?"

सरांनी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे, जणू तिथून कोणी आत येईल. "अय्यो," ते हळूच म्हणाले. "म्हणजे इतके आठवडे मी मलाच शिकवत होतो?"

"आणि मस्कतला सुट्टी शुक्रवारी असते, सर. तुम्ही गुरुवारी पुसता."

मग मी शुभाच्या त्या ओळी दाखवल्या. रागावलेत का, हे वाचल्यावर सरांचा चेहरा असा काही उतरला की माझा सगळा वैताग तिथेच संपला. डबा त्यांनी पुढे खाल्ला नाही.

पण म्हणून सर फळा पुसायचं सोडतील असं वाटलं असेल तर तुम्ही सरांना ओळखलं नाही. "ती बघेपर्यंत राहू दे, तेवढं मान्य," ते म्हणाले. "पण बघितलं हे मला कसं कळणार? हा आकडा तर लबाड आहे." शेवटी त्यांनीच तोडगा काढला. प्रत्येक धड्याखाली एक गणित द्यायचं. शुभानं ते सोडवून गेस्टबुकात लिहायचं. उत्तर आलं की सर तपासणार, मग धडा पुसणार आणि पुढचा चढवणार. गेस्टबुक पुसायला वेगळा पासवर्ड लागायचा. तो मी त्यांना दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

बुडालेले आठवडे मात्र बुडालेच होते. सरांनी दोन-दोन धडे एकदम द्यायला सुरुवात केली आणि मस्कतहून शुभा धावत त्यांच्या मागे येत राहिली.

आता गेस्टबुक म्हणजे गावचा कट्टा, तिथे कोणीही येऊन बसतं. नागपूरच्या एका गृहस्थांनी मुलाला प्रवेश मिळेल का विचारलं. कोणी नुसतं 'हाय' लिहून जायचं. त्यावर सर मला विचारायचे, "हाय म्हणजे काय? उत्तर कुठे आहे?" आणि एके दिवशी टोरंटोहून रवी नावाच्या माणसानं शुभाच्या आधीच गणित सोडवून टाकलं. हा आपल्याच इकडचा, तिकडे नोकरीला गेलेला इंजिनिअर. हिंडता हिंडता आमच्या पानावर येऊन पडला होता.

सर टाइप करत नसत. ते मागे हात बांधून उभे राहायचे आणि मी बटणं दाबायची. "लिहा," सर म्हणाले. "मधली पायरी गाळली आहे. अर्धा मार्क कट."

"सर, तो मोठा माणूस आहे. आपला विद्यार्थी नाही."

"वर्गात बसला ना? मग विद्यार्थी."

मी लिहिलं, आणि आता हा माणूस काय म्हणेल या धास्तीत राहिले. दुसऱ्या दिवशी रवीचं उत्तर आलं. आपले मार्क कापणारं कोणी आपल्या आयुष्यात उरलं नव्हतं, फार बरं वाटलं, पुढचं गणित कधी देता? तेव्हापासून तो रोज यायला लागला. सर त्याचे मार्क कापत राहिले आणि तो खूश होत राहिला.

मग नळ आणि टाकीचं गणित आलं. खरं म्हणजे ते खालच्या इयत्तेतलं, पण सर दहावीत एकदा घासून घ्यायचे. एक नळ टाकी दहा तासांत भरतो, दुसरा पंधरा तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? सरांची रीत अपूर्णांकांची. एका तासात एक दशांश टाकी, अधिक एक पंधरांश टाकी, बेरीज एक षष्ठांश, म्हणून सहा तास. रवीनं लिहिलं: अपूर्णांक कशाला? टाकी तीस लिटरची आहे असं समजा. पहिला नळ तासाला तीन लिटर देतो, दुसरा दोन. दोघं मिळून पाच. तीस भागिले पाच, सहा तास.

सर भडकले. "टाकी तीस लिटरची हे कोणी सांगितलं? गणितात दिलंय का? जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. हा काय बाजारात जाऊन स्वतःची टाकी घेऊन येणार?" हे सगळं मी थोडं सौम्य करून टाइप केलं. रवीचं उत्तर आलं: साठची घ्या सर, उत्तर तेच येईल.

दोन दिवस स्टाफरूममध्ये जुन्या पेपरांच्या पाठीमागे सरांची आकडेमोड चालू होती. त्यांनी साठ लिटरची टाकी घेऊन पाहिली, नव्वदची घेतली आणि शेवटी चिडून सात लिटरची बादली घेतली. बादलीसुद्धा सहा तासांत भरली. तिसऱ्या दिवशी ते संगणकाच्या खोलीत आले, मागे हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "लिहा. बरोबर. पूर्ण मार्क. बसवराज." रवीला मिळालेले ते पहिले पूर्ण मार्क. शुभानं या भांडणात एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिनं नेहमीप्रमाणे आपलं गणित सोडवून पाठवलं होतं, सरांच्या रीतीनं.

पूर्वपरीक्षेच्या आधी शुभा परत आली. सावळी झाली होती, उंच झाली होती आणि घाबरलेली होती. सगळे पेपर देऊन ती घरी गेली, आणि निकालाच्या दिवशी सकाळपासून व्हरांड्यात वायरीच्या शेजारी येऊन उभी राहिली. बोर्डाला नावं पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. मॅडम खोलीत यादी घेऊन बसल्या होत्या.

शुभा बाकी सगळ्या विषयांत पास होती. गणितात तीन मार्क कमी पडले होते.

मी सरांकडून तिचा पेपर मागून घेतला. बुडालेल्या आठवड्यांतले धडे पेपरात स्पष्ट दिसत होते, तिथे तिनं नुसती धडपड केली होती. आणि एका पानावर होतं नळ आणि टाकीचं गणित. पाच मार्कांचं. "टाकी तीस लिटरची आहे असे समजू," अशी सुरुवात, पुढे सगळं नीटस, उत्तर बरोबर. बाजूला लाल पेनानं शून्य.

"सर, उत्तर तर बरोबर आहे."

"उत्तर बरोबर. रीत? ही रीत मी वर्गात शिकवली का?"

"नाही."

"मग कसे मार्क देऊ? बाकी सगळी मुलं अपूर्णांक करत बसली. त्यांच्यावर अन्याय नाही का?" सरांचा आवाज कडक होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनाही ते शून्य बोचत होतं हे मला दिसत होतं. "मुलगी चांगली आहे. पण तिच्यासाठी नियम मोडू का, मिस?"

"मोडू नका. मला एवढंच सांगा, तुमच्या या मुलीचा वर्ग कुठे भरत होता?"

मी त्यांना घेऊन संगणकाच्या खोलीत गेले आणि वायर जोडली. मोडेमनं नेहमीसारखी किंकाळी फोडली आणि पलीकडच्या खोलीतून मॅडमचा आवाज आला, "विजया मिस, मी कार्यालयाशी बोलत होते!" पान उघडायला लागलं, आधी जाहिरात, मग शाळेचं नाव, मग एकेक ओळ करत गेस्टबुक. मी खाली खाली गेले. तीस लिटरची टाकी होती. सरांचं रागावणं होतं, साठ लिटर होते, आणि सगळ्यात शेवटी: बरोबर. पूर्ण मार्क. बसवराज.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचलं.

"हे अजून आहे?"

"आहे, सर."

मग खिशातून लाल पेन काढत सर म्हणाले, "म्हणूनच मी फळा पुसतो, मिस."

तिथेच संगणकाच्या टेबलावर पेपर ठेवून त्यांनी शून्य खोडलं, पाच लिहिले, पहिल्या पानावर बेरीज सुधारली आणि दोन्ही ठिकाणी सही केली. मला इतकं हलकं वाटलं की मला चेष्टा सुचली. "आता पुसून टाकू का हे? पासवर्ड माझ्याकडे आहे."

"बेडा," सर म्हणाले. "नको. राहू दे."

पेपर घेऊन ते व्हरांड्यात गेले. शुभा भिंतीला चिकटून उभी होती. सरांनी तिच्यापुढे ते पान धरलं.

"टाकी तीसचीच का घेतलीस?"

"सर... दहानं पण भाग जातो आणि पंधरानं पण."

"सरी. बरोबर," बसवराज सर म्हणाले, आणि पेपर तिच्या हातात देऊन मोठ्या मॅडमच्या खोलीकडे तिचं नाव सांगायला गेले.